खाडीकडे तोंड केलेला क्रूस

आंबेखारच्या चर्चच्या आवारात शिरलं की डाव्या हाताला, कबरींच्या ओळी संपतात तिथे, काळ्या दगडाचा एक जुना क्रूस उभा आहे. चांगला दोन पुरुष उंच. अंगावर शिडी, हातोडा, पकड, खिळे, काट्यांचा मुकुट आणि मान वर करून उभा असलेला कोंबडा, असं येशूच्या शेवटच्या दिवसाचं सगळं कोरलेलं. वसईच्या पट्ट्यात असे क्रूस पुष्कळ आहेत, पण बहुतेकांची तोंडं चर्चच्या दाराकडे नाहीतर येणाऱ्या-जाणाऱ्या वाटेकडे असतात. हा एकटा चर्चकडे पाठ करून खाडीकडे बघत उभा आहे. त्याच्या जोत्यावर नावासाठी तासलेला एक चौकोन आहे, आणि त्या चौकोनात काहीही नाही.

बाहेरगावची माणसं येतात, फोटो काढतात आणि आपापले तर्क लढवतात. कुणी म्हणतं, चर्च नंतर बांधलं असेल. कुणी म्हणतं, गवंड्याने वाकडा बसवला. ‘वाकडा’ हा शब्द कानावर पडला की कैतानबाबांचा पारा चढतो. त्यांनी उभं आयुष्य या चर्चची घंटा वाजवली. आता गुडघे गेले म्हणून पायरीवर बसून असतात. ते पाहुण्यांना जवळ बोलावतात आणि म्हणतात, “घाई असंल तर फोटो काढा नि चालू लागा. ऐकायचं असंल तर मांडी घालून बसा. अर्धं ऐकून जायचं नाय.” मग ते जे सांगतात ते असं.

तेव्हा फिरंग्यांचं राज्य होतं. आंबेखारच्या दोन वाड्या होत्या. टेकाडाच्या पायथ्याशी वरली वाडी आणि खाडीच्या तोंडावर खालची वाडी. दोन्ही वाड्या पिकवायच्या ती खार. खार म्हणजे खाडीचं पाणी मातीच्या बांधाने बाहेर थोपवून मिळवलेली भाताची जमीन. बांध धड असेल तर पोटभर भात. बांध फुटला आणि खारं पाणी आत आलं तर पुढची तीन पिकं गेली म्हणून समजायचं. दोन वाड्यांच्या शेतांमध्ये एक बुटका आडबांध होता, पण त्याला कुणी फारसं मोजत नसे. कारण गावाचा शिरस्ताच असा होता की बाहेरचा बांध सगळ्यांचा. उधाणाचं पाणी जिथे चढेल तिथे दोन्ही वाड्यांनी धावायचं, मग शेत कुणाचं का असेना.

खालच्या वाडीत दुमिंग नावाचा एक शेतकरी राहत होता आणि उर्सुल त्याची बायको. त्यांच्या पहिल्या मुलीच्या बाप्तिस्म्याला तिला हातावर घेऊन उभा राहिला तो वरल्या वाडीचा पाटील, बस्त्याव. त्या दिवसापासून दुमिंग आणि बस्त्याव एकमेकांचे कुंपार झाले. लेकराचा बाप आणि बाप्तिस्म्याला लेकराला हातावर घेणारा धर्मबाप, यांचं हे नातं. आमच्याकडे ते रक्ताच्या नात्याहून जड धरतात. सख्ख्या भावाशी भांडण झालं तर गाव समजून घेतं. कुंपाराशी कुणी दगाबाजी केली तर त्याच्या घरचं पाणीही पीत नाहीत. निदान तेव्हा पीत नसत.

त्या वर्षी श्रावणी पुनवेचं उधाण आलं ते पाऊस आणि वारा दोन्ही सोबत घेऊन. उधाणाची भरती आमच्याकडे भर दुपारी येते. सकाळपासूनच दुमिंग खालच्या बांधावर होता. एका वळणावर बांध मऊ पडला होता, तिथे तो पेंढा आणि चिखल थापत होता आणि उर्सुल टोपलीने चिखल आणून देत होती. खालच्या वाडीची इतर माणसं पलीकडे उघाडीपाशी, म्हणजे पाणी सोडायच्या दारापाशी, झुंजत होती. दुपार व्हायला आली तशी दुमिंग म्हणाला, “आपल्या दोघांच्यानं हे व्हायचं नाय. जा, कुंपाराला सांग. मानसं घेऊन ये म्हनावं.”

उर्सुल चिखलातून धावत वरल्या वाडीला गेली. बस्त्याव पाटील अंगणातच होता, भोवती माणसं जमलेली, खांद्यावर फावडी. तिचा जीव भांड्यात पडला. ती म्हणाली, “कुंपार, पानी बांधाच्या काठाला लागलं. तुमी चला.”

“वैनी, तुमी पुढं व्हा,” बस्त्याव म्हणाला. “दुमिंगला सांगा, जागा सोडू नको. मी मानसं घेऊन आलोच.”

उर्सुल तशीच उलट पावली धावली. दुमिंग तोवर कमरेइतक्या पाण्यात पाठ लावून उभा होता, अंगाने बांध रेटत. बांध त्याच्या अंगाखाली थरथरत होता. तो तिला म्हणाला, “सोडू काय गो? मला काय खरं दिसत नाय.”

आणि उर्सुल म्हणाली, “सोडू नका. कुंपार येतायत. त्यांनी सांगितलंय, आलोच म्हनून.”

दुमिंगने मान हलवली आणि पाय आणखी खोल रोवले. उर्सुल टोपली घेऊन वळली. चिखल आणायला ती आडबांधाच्या अंगाला गेली आणि तिथे तिला वरल्या वाडीची सगळी माणसं दिसली. ती खाली येत नव्हती. ती आडबांध वर चढवत होती. फावड्यामागून फावडं माती पडत होती आणि मधोमध उभा राहून बस्त्याव हात करून दाखवत होता, इथे टाका, तिथे टाका. खालची खार बुडाली तरी वरली कोरडी राहावी, एवढाच हिशेब. बस्त्यावने तिला पाहिलं. त्याने नजर वळवली आणि पुन्हा हात केला, इथे टाका.

ती ओरडली की नाही, ते कुणाला ठाऊक नाही. वाऱ्यात ऐकू आलं नसतं. ती मागे फिरली तेवढ्यात बांध फुटला.

ओहोटीला दुमिंग तिवरांच्या मुळांत अडकलेला सापडला. खालची खार खाऱ्या पाण्याखाली गेली. वरल्या खारीत भाताची रोपं हिरवीगार उभी होती.

इथवर सांगून कैतानबाबा गप्प होतात. पाहुण्यांना वाटतं, संपलं. पण त्यांच्या मते दगा इथे संपत नाही, इथे सुरू होतो.

दुमिंगला माती देताना पाद्रीने विचारलं की तो एकटा तिथे का थांबला? पाद्री फिरंगी होता, नवा होता, त्याने सहजच विचारलं. उर्सुल म्हणाली, “कुंपार येनार व्हते म्हनून.” सगळ्यांच्या माना बस्त्यावकडे वळल्या. बस्त्याव डोळे पुसत पुढे झाला आणि म्हणाला, “फादर, मी वैनीला सांगितलं व्हतं, दुमिंगला माघारी बोलवा. बांध राहनार नाय. वैनीनं काय सांगितलं ते तिलाच ठाऊक.”

 उर्सुलने वरल्या वाडीच्या माणसांकडे पाहिलं. त्या अंगणात तेव्हा फावडी घेऊन उभे होते ते सगळे समोर होते. सगळ्यांनी ऐकलं होतं. एकेकाने मान खाली घातली. एकजण तर म्हणाला, पाटील म्हणतो तसंच झालं.

खालच्या वाडीने आधी उर्सुलची बाजू धरली. पण भात बुडाला होता, हंडी रिकामी होती, आणि भाद्रपद सरायच्या आत बस्त्यावच्या घरून खालच्या वाडीत घरोघर भाताच्या मोटल्या आल्या. ‘अडचणीत माणसाने माणसाला बघावं’ म्हणे. लोकांनी भात घेतला. लेकरं उपाशी असली की कोण नाही घेणार? पण तो भात जसा पोटात गेला तसा आवाज बसत गेला. आधी म्हणत, पाटलाने वाईट केलं. मग म्हणू लागले, आता बोलून काय उपयोग? मग म्हणू लागले, उर्सुलचंच काही चुकलं असेल, घाबरली असेल बिचारी. शेवटी तिची सासू, जिच्या पोटचा दुमिंग, तीसुद्धा तिला म्हणाली, “माझ्या लेकाला तूच उभं केलंस पान्यात.” त्या दिवसापासून म्हातारीने तिच्या हातचं पाणी बंद केलं.

उर्सुलच्या घरी मोटली आली तेव्हा तिने ती दारातून परत पाठवली. मुलीला ती खाडीतल्या शिंपल्यांवर आणि मिठागरातल्या मजुरीवर वाढवू लागली. नवरा गेला याचं दुःख तिला होतंच. पण त्याहून खोल रुतला होता तो दुसरा काटा. दुमिंगने ज्या तोंडावर विश्वास ठेवून पाय रोवले ते तोंड तिचं होतं. तिने नेलेला निरोप खरा होता, एवढं एकदा चारचौघांत कुणी म्हणावं, एवढ्यासाठी ती जगत होती. आणि ते म्हणणारं एकही माणूस आंबेखारात उरलं नव्हतं.

आता क्रुसाचं. आडबांध भरत असताना बस्त्यावने नवस केला होता की माझी खार वाचली तर चर्चपुढे दगडी क्रूस उभा करीन. खार वाचली, भात झोडून झाला आणि त्याने लांबच्या खाणीत क्रूस सांगितला. त्या काळचं उत्तम काम, अखंड दगड. जोत्यावर नावासाठी चौकोन तासून घेतला. नाव मात्र क्रूस उभा राहिला की समोर बसून कोरून घ्यायचं ठरलं, कारण नाव पाटलाला स्वतः डोळ्यांनी बघायचं होतं. ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत मचवा क्रूस घेऊन खाडीत आला. मचव्याला खोल पाणी हवं, ते खालच्या वाडीच्या धक्क्यालाच होतं. तिथून ओंडक्यांवरून दोर लावून बांधाने क्रूस ओढत न्यायचा होता. दोन्ही वाड्या आल्या. हो, खालची वाडीही आली. फक्त उर्सुल आपल्या दारात बसून शिंपल्या सोलत होती.

क्रूस सुरळीत निघाला. आणि बांध जिथे फुटला होता, जिथे नवी माती भरून तो तात्पुरता जोडला होता, तिथे येऊन थांबला. दोर तुटले, नवे लावले. बैल जुंपले. क्रूस हलेना, उलट आत आत रुतू लागला. पाद्रीने पाणी शिंपडलं, लोकांनी प्रार्थना म्हटल्या. काही नाही. असं सांगतात की दगडाला घाम फुटला होता. कैतानबाबा हे सांगताना हसतात. “नवी माती, खालून वली,” ते म्हणतात. “तिच्यावर एवढं धूड आनलं तर रुतंल नाय तर काय उडंल? पन ती जागा कुनाची, हे दोर धरलेल्या दर मानसाला म्हाईत व्हतं. हात ढिले पडले, तो खरा चमत्कार.”

क्रूस तिथेच एका कुशीवर आडवा राहिला, एक हात वर उचललेला. भरतीचं पाणी त्याच्यावरून जाई, ओहोटीला तो चिखलाने माखलेला वर येई. त्याच्या हातावर बगळे बसू लागले. खाडीतून जाणारे मचवेवाले विचारत, हा कुणाचा क्रूस? आणि आंबेखारकर म्हणत, पाटलाचा. बस्त्यावला घरातून बाहेर पडणं नकोसं झालं. शेतं वाचावीत म्हणून बोललेला नवस चिखलात पडला होता आणि पावसाळा जवळ येत होता. फेडायचा नवस असा लोळत ठेवून पुढचं उधाण कसं काढायचं, या भीतीने वरली वाडी त्याच्या मागे लागली. तेव्हा तो एके दिवशी उर्सुलच्या दारात आला.

“वैनी,” तो म्हणाला.

“कोनाची वैनी?” उर्सुलने मान वर केली नाही. आजवर ती त्याला अहो-जाहो करीत आली होती. त्या दिवशी ते सुटलं. “काय पायजे तुला?”

“क्रूस हलत नाय. तुमी हात लावा. लोक म्हनतात, तुमी हात लावलात तर हलंल. तुमी म्हनाल ते देतो.”

उर्सुलने हातातली शिंपली सोलून संपवली. मग तिने शिंपल्यांची टोपली बाजूला सारली. “तू म्हनाला व्हतास, मी आलोच. दुमिंग अजून वाट बघतोय. तर ये. सावनी पुनवेला पानी चढायला लागंल तवा त्या जाग्यावर ये नि पानी उतरंपर्यंत उभा ऱ्हा. एकटा. तुझ्या मदतीला कोनी यायचं नाय. एवढंच पायजे.”

बस्त्यावला ते सोपं वाटलं असावं. त्याने मान डोलावली.

श्रावणी पुनवेला पाऊस होता, पण वारा नव्हता. खालची खार नापीकच पडून होती, म्हणून बांध पुरता वर काढलेला नव्हता, आणि दोन्ही वाड्यांची माणसं आडबांधावर उभी राहून बघत होती. पाद्रीही आला होता. बस्त्याव क्रुसाला टेकून उभा राहिला. पाणी घोट्याला आलं, गुडघ्याला आलं. उर्सुल थोड्या अंतरावर, बांधाच्या उंचवट्यावर, मुलीला कडेवर घेऊन उभी होती.

पाणी कमरेवर गेलं तेव्हा बस्त्यावच्या पायाखालची माती सुटू लागली. दुमिंगला जे कळलं होतं ते त्याला आता कळलं असेल. माती पायाखालून जाते तेव्हा माणूस एकच गोष्ट करतो, तो वाटेकडे बघतो. बस्त्यावनेही आडबांधाकडे पाहिलं. त्याची सगळी माणसं तिथे उभी होती, त्यांच्याच हाताने उंच केलेल्या मातीवर, पाण्याच्या वर. पाणी छातीला लागलं आणि तो ओरडला, “या रे! कोनीतरी या रे!”

कुणी हललं नाही. ठरलंच होतं तसं.

तो पुन्हा ओरडला. त्याने एकेकाचं नाव घेतलं. ज्यांना त्या दिवशी त्याने माती टाकायला लावली होती, तीच नावं. मग त्याचा आवाज फाटला. क्रुसाच्या दगडी हाताला दोन्ही हातांनी मिठी मारून तो रडत म्हणाला, “मी सांगितलं व्हतं, आलोच म्हनून! जागा सोडू नको, असं मीच सांगितलं व्हतं! तिनं खरं तेच नेलं रे! मी आलो नाय!”

हे सगळ्यांनी ऐकलं. वारा नव्हता, म्हणून खालच्या वाडीच्या शेवटच्या घरात बसलेल्या उर्सुलच्या सासूनेही ऐकलं.

त्यानंतर जे झालं ते कुणी सांगून झालं नाही. वरल्या वाडीचा जो माणूस ‘पाटील म्हणतो तसंच झालं’ असं म्हणाला होता, तो आधी पाण्यात उतरला. त्याच्यामागून दुसरा, मग तिसरा. हातात ना फावडं ना टोपली. ती सगळी पाण्यातून चालत त्या वळणापाशी आली आणि बस्त्यावच्या दोन्ही अंगांना, बांधाला पाठ लावून उभी राहिली. वाचवायचं असं आता तिथे काही नव्हतं. भातही नव्हता. एका वर्षाने उशिरा वरली वाडी खालच्या बांधावर आली होती.

उर्सुलने त्यांना अडवलं नाही.  तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि असं सांगतात की ते बघून पाद्रीने आपली टोपी काढून हातात घेतली.

भरती उतरली. माणसं चिखलात बसकण मारून राहिली. बस्त्याव गुडघ्यांवर सरकत उर्सुलपाशी आला आणि त्याने विचारलं, “माफ केलंत मला?”

उर्सुल म्हणाली, “पानी उतरलं. जा घरी.”

त्याने पुन्हा विचारलं. ती मुलीला घेऊन चालू लागली. घरी आली तर सासू उंबऱ्यात बसली होती. म्हातारीने तिच्याकडे बघितलं आणि म्हणाली, “तांब्याभर पानी दे गो.”

पाऊस उघडल्यावर दोन्ही वाड्यांनी फळ्या टाकून, ओंडके लावून क्रूस उचलला, आणि म्हणे तो फुलासारखा हलका झाला. उर्सुलने दोराला हात लावला नाही. आवारात आणल्यावर पाद्रीने विचारलं, तोंड कुठे करायचं? बस्त्याव म्हणाला, खाडीकडे. सगळ्यांना दिसू दे कुठून आला तो. नाव कोरायचं काय, असं विचारल्यावर त्याने हातानेच नको म्हटलं. दुमिंगचं कोरावं असंही कुणी सुचवलं, पण उर्सुलने तेही होऊ दिलं नाही. पाटलाच्या नवसाच्या दगडावर तिला नवऱ्याचं नाव नको होतं.

ती पुढे पुष्कळ जगली. बस्त्याव दर श्रावणी पुनवेला त्या जागी येऊन उभा राहायचा, तो मरेपर्यंत. दर वेळी पाणी उतरलं की ती त्याला तेच सांगायची. मरताना त्याने निरोप धाडला की एकदा कुंपार म्हणा. उर्सुल गेली नाही.

आता तिथे खार राहिलेली नाही. बांधावरून डांबरी रस्ता गेला आहे, पलीकडे इमारती झाल्या आहेत, मिठागरं कुणाच्या स्मरणातही नाहीत. पण आजही श्रावणी पुनवेला, दुपारची भरती चढायला लागली की वरल्या वाडीतला एक माणूस त्या वळणावर येऊन उभा राहतो. कधी तो शिक्षक असतो, कधी रिक्षा चालवणारा, कधी परदेशातून सुट्टीवर आलेला. रस्त्यावरून जाणारे हॉर्न वाजवतात, पावसात भिजणाऱ्या या माणसाला येड्यात काढतात. तो हलत नाही. पाणी ओसरलं की उर्सुलच्या घराण्यातली एक बाई छत्री घेऊन येते आणि सांगते, “पानी उतरलं. जा घरी.” त्यापलीकडे ती एक शब्द बोलत नाही. आणि माफीचं काही विचारायचं नाही, हे त्या माणसाला निघतानाच त्याच्या आईने सांगून ठेवलेलं असतं.